रुसव्याचं धनुष्य

तिसगाव, तालुका पाथर्डी
निज वैशाखातला शेवटचा सोमवार, १९७२

राजमान्य राजेश्री जावईबापू राधाकृष्णराव यांना गोरक्षनाथचा तिसगावहून रामराम.

इकडे आम्ही उभयता हिंडून-फिरून आहोत, तुम्हीही राहात्याला सगळे तसेच असाल असं धरून चालतो. तुमच्या मातोश्री, म्हणजे आमच्या व्याहीणबाई रतनबाई, यांच्या गुडघ्याला उतार पडला का? इकडून धाडलेलं निरगुडीचं तेल कोमट करून लावायचं आहे, कडकडीत नव्हे. (आमच्या मंडळींनी माझ्या पाठीला कडकडीत लावलं होतं. दुखणं गेलं, पण त्याच्याबरोबर कातडंही गेलं, म्हणून आठवण करतो.) पेरूच्या बागेला पाणी पुरतं का? आमच्या विहिरीनं तळ दाखवला आहे. गाय मात्र व्यायली, कालवड झाली, त्यामुळे चहात दूध असतं. चि. सौ. चांगुणा तुमच्या घरी सुखात आहे हे आम्ही जाणून आहोत. तिची आई रोज एकदा विचारते, "कागद आला का?" आणि आलेला कागद वाचून दाखवला की म्हणते, "एवढाच?"

तर तुमचं कार्ड पोचलं. जावईबापू, तुम्ही शिकलेले आहात, शाळेत मास्तर आहात, तुम्हाला मी काय सांगावं, पण असल्या गोष्टी उघड्या कार्डावर लिहू नयेत. आमच्या गावात कार्ड ज्याचं असतं त्याच्या हातात सगळ्यात शेवटी येतं. मी पारापाशी पोचलो तेव्हा तिथं बसलेल्या सगळ्यांनी एका सुरात "सुटलात की तात्या!" म्हणून माझं अभिनंदन केलं, आणि मला कशातून सुटलो तेच ठाऊक नव्हतं. मग वाचलं. तुम्ही लिहिता, "मामा, धोंड्याच्या जेवणाला आलो तेव्हा तुम्ही धनुष्यावरून ओशाळलेले दिसलात. लग्नात मी सहज बोलून गेलो होतो. मित्र रेडिओ माग म्हणत होते, मला तुम्हाला खर्चात घालायचं नव्हतं, म्हणून तोंडाला आलं ते बोललो. आता धनुष्याचं राहू द्या." मन मोठं आहे तुमचं. वाचून माझे डोळे भरून आले हे खोटं नाही. पण राहू द्या म्हणजे काय? शब्द मी दिला, चारशे माणसांच्या मांडवात दिला, तो तुम्ही दहा पैशांच्या कार्डावर परस्पर मोडीत काढता, याला काय म्हणावं? मी ओशाळलो नव्हतो. पुरणाचे धोंडे जास्त झाले होते, म्हणून तोंड तसं दिसत होतं.

त्या दिवसाची आठवण करून देतो. (तुम्हाला आठवत असणारच, पण व्याहीणबाई त्या वेळी बायकांच्या पंगतीत होत्या, त्यांच्याही कानावर जावं.) पंगत बसली, पानात बुंदी पडली, आणि रीतीप्रमाणे तुम्ही रुसून बसलात. आता नवरदेवानं रुसायचं आणि सासऱ्यानं हात जोडून "काय हवं ते मागा" म्हणायचं, यात नवीन काही नाही. मीही रुसलो होतो. मला छत्री मिळाली. पण हल्ली सायकलीचा आणि घड्याळाचा जोर आहे. माझ्या चुलतभावाच्या, छगनच्या जावयानं मोटारसायकल मागितली होती आणि पानातला भात वाळून खडखडीत होईपर्यंत घास उचलला नव्हता. त्यामुळे तुमच्यासमोर उभा होतो तेव्हा मी मनात म्हशीची किंमत धरून ठेवली होती. तुम्ही मान खाली घालून, बुंदीकडे बघत म्हणालात, "धनुष्य. तुमच्या हातानं केलेलं." सगळा मांडव हसला. मी मात्र मनात म्हटलं, देव पावला, एका काठीवर सुटलो! आणि त्याच आनंदात जरा मोठ्यानं बोलून गेलो की नुसतं धनुष्य काय, जिवंत रोपटं तोडून, तासून, स्वतः घडवून देईन. तोवर धनुष्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ते वाकडं असतं आणि त्याला दोरी असते.

पहिल्या खेपेला मी चांदभाईंचा सल्ला घेतला. चांदभाई आमचे पिंजारी, गाद्या-उशांचा कापूस पिंजतात. गावात धनुष्य बाळगणारे तेच एक, त्यांना नाही विचारायचं तर कुणाला? ते म्हणाले, "गोरखभाऊ, कमान का काम मेरे पे छोडो," आणि स्वतः माळावर येऊन मनगटाएवढं बाभळीचं रोपटं निवडून दिलं. मी ते तोडलं, साल काढली, वाकसानं तासायला बसलो. चांदभाई शेजारी बसून एकच गोष्ट परत परत सांगत होते, "वाकता कामा नये. जी कमान वाकली ती वाया गेली." मला जरा चमत्कारिक वाटलं. पण ज्याच्या बापजाद्यांचा धनुष्याचा धंदा आहे त्याला शिकवणारा मी कोण? सगळा आषाढ मी त्या बाभळीवर घाम गाळला. वर त्यांनी स्वतःच्या हातानं तात, म्हणजे आतड्याची दोरी, चढवली. मग आम्ही बोरूचा बाण लावून ओढायला गेलो. मी ओढलं, चांदभाईंनी ओढलं, शेवटी दोघांनी मिळून ओढलं. धनुष्य जागचं हललं नाही. बाण खाली पडला. तात मात्र अशी काही टणत्कारली की दोन आळ्या सोडून बायका आपापल्या उशा घेऊन आल्या.

तेव्हा उलगडा झाला. पिंजाऱ्याचं धनुष्य ताठ असावं लागतं. वाकलं तर तात ढिली पडते आणि कापूस पिंजला जात नाही. चांदभाईंनी मला खोटं काहीच सांगितलं नव्हतं, आयुष्यात त्यांनी दुसरं धनुष्य पाहिलंच नव्हतं, त्याला ते तरी काय करणार? धनुष्य अगदी झकास झालं होतं. ते अजून त्यांच्याकडेच आहे, आणि चांगुणाच्या दिवाळसणाला जी गादी तुम्हाला अंथरली होती ती त्याच धनुष्यानं पिंजलेली होती. (तुम्ही म्हणालात, गादी फार मऊ आहे. मी आणखी एक उशी आणून दिली.) त्या दिवाळीत मी तुमचा हात खांद्यापासून बोटापर्यंत दोरीनं मोजून घेतला, आणि माप नीट जमेपर्यंत तुम्हाला चार दिवस ठेवून घेतलं.

दुसऱ्या खेपेला मी कुणालाच विचारलं नाही. डोंगरात जाऊन धामणीचं रोपटं आणलं. धामण वाकते, हे गुराख्यालाही ठाऊक असतं, फक्त मी गुराख्याला विचारलं नव्हतं. ओलं लाकूड लगेच तासलं तर चिरतं, म्हणून साल काढून, दोन्ही टोकांना शेण लावून, सावलीत ओसरीच्या कोपऱ्यात उभं केलं. महिन्या-दोन महिन्यांत वाळलं की कामाला लागायचं, असा हिशेब. पण शेतकऱ्याच्या घरात सरळ काठी रिकामी राहू शकत नाही हे मी विसरलो. सकाळी बघावं तर तिच्यानं चिंचा झोडपल्या जात आहेत. दुपारी ती म्हशीमागे गेलेली. एकदा विहिरीतलं पाणी किती उरलं ते बघायला तिलाच आत सोडलेलं, म्हणजे वाळत घातलेलं लाकूड मी स्वतःच्या विहिरीतून ओलं काढलं. मी ओरडलो. मंडळी म्हणाल्या, "काठीच तर हाय! झिजती का काय?" मी परत वाळत घातली.

आणि मग पाडवा आला. मी पहाटे मळ्यात गेलो होतो. परत येऊन बघतो तर दारात गुढी, आणि गुढीला माझं धनुष्य! दरवर्षीच्या कळकाला वाळवी लागलेली निघाली, वेळ टळत होती, म्हणून आमच्या मुक्ताबाईंनी कोपऱ्यातली धामण उचलली, तिला तेल लावून न्हाऊ घातलं, वर चोळखण, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, तांब्या, सगळं काही. दिसत होती मात्र देखणी. शेजारीपाजारी बघत होते, मलाही हात जोडावे लागले. संध्याकाळी गुढी उतरवल्यावर मी वाकस घेऊन बसलो, तर या दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सकाळी ज्याला हात जोडलं त्याला सांजच्याला सोलनार व्हय? बघतेच कसं सोलता ते!" मी वाकस खाली ठेवला. ती काठी देवघराच्या कोपऱ्यात गेली. यंदाही तीच उभारली. मागच्या वर्षी तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत धनुष्य बघायला आलात तेव्हा तुम्हाला तिच्यासमोर नेऊन उभं केलं, आणि तुम्हीही मुकाट्यानं हात जोडलेत. तुमच्यावर चांगले संस्कार झाले आहेत, हे मी तेव्हाच आमच्या मंडळींना म्हणालो. (हे व्याहीणबाईंना जरूर सांगावं.)

तिसरं रोपटं मात्र मी दूर शोधलं नाही, आणि तिथंच फसलो. आमच्या आणि छगनच्या शेतामधल्या बांधावर पाखरांनी टाकलेल्या बियांतून एक धामण उगवली होती. सरळ, बिनगाठीची, मुठीत मावेल एवढी. ती छगनची असेल असं मला वाटलं नाही, आणि माझी नसेल असंही वाटलं नाही. मार्गशीर्षात दिवसाढवळ्या तोडली. अर्ध्या तासात छगन हजर, बरोबर बांध मोजायची दोरी. "बांधावरचं झाड तोडतोस? आज झाड तोडलंस, उद्या बांध नांगरशील!" आमचे आजे-पणजे याच बांधावर कोर्टाच्या पायऱ्या झिजवून आले आहेत, त्यामुळे बोलण्यात आम्हाला दोघांनाही फार सराव आहे. शेवटी पारावर चार जाणते बसले. दोरी लावली तर बुंधा बरोबर मध्यावर निघाला. निवाडा झाला की धामण दोघांची निम्मीनिम्मी. मी म्हटलं, अहो, हिचं धनुष्य करायचं आहे, कापून चालणार नाही. मग असं ठरलं की कापायची नाही, पण मुठीच्या वरचा निम्मा भाग छगनचा, खालचा माझा. छगनला धनुष्य नको होतं. आपलं निम्मं कुणी लुबाडू नये, एवढंच हवं होतं.

मी ती भुशात पुरून नीट वाळवली आणि संक्रांतीला तुम्हाला मूठ धरून बघायला बोलावलं, तेव्हाची गंमत तुम्ही पाहिलीच आहे. तुम्ही मूठ धरलीत, आणि छगन पुढे होऊन म्हणाला, "जावई, हात जरा वर सरकवा, माझ्या हद्दीत कमी धरलंय तुमी." पुढचं तुम्ही पाहिलं नाही. काम असं असतं की काठीला दोरी लावायची, खुंटीला अडकवायची, थोडीशी ओढायची आणि कुठली बाजू ताठ राहते ते बघून तेवढीच काचेच्या तुकड्यानं खरवडायची. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या नाहीत तर धनुष्य मोडतं. आता ओढणाऱ्याला स्वतःला ते दिसत नाही, समोर माणूस लागतो. तो माणूस रोज बिनबोलावता येत होता. मी ओढायचो आणि छगन दहा पावलांवर उकिडवा बसून ओरडायचा, "माझी बाजू वाकत न्हाई! माझ्यावर का अन्याव?" मी त्याची खरवडायचो. लगेच म्हणायचा, "बास! आता तुझी. माझीच किती झिजवशील?" मी माझी खरवडायचो. त्याच्या बाजूचा भुगा तो टोपीत गोळा करून चुलीला घरी न्यायचा. असं करत करत धनुष्य असं काही सारखं वाकायला लागलं की चांदभाई बघायला आले आणि "या अल्ला, ये तो वाकतंय!" म्हणून हळहळले. भाऊबंदकीनं आमच्या घराण्याचं कधी भलं केलं नाही, पण धनुष्याचं केलं, हे कबूल करावं लागेल.

तेव्हा सांगायचा मुद्दा असा, की इतकं सगळं झाल्यावर तुम्ही राहू द्या म्हणता हे मला मुळीच मान्य नाही. धनुष्य बऱ्याच अंशी झालं आहे, पण पुरं झालेलं नाही. त्याची ओढ तुमच्या दंडाच्या जोराला लावायची राहिली आहे. हे काम टपालानं होत नाही. छगनच्या दंडाला लावून चालत नाही. माणूस समोर लागतो, आणि एका दिवसात उरकत नाही, कारण लाकूड एका दिवशी ओढलं की दोन दिवस विसावा द्यावा लागतो. हा तुमच्या मानाचा प्रश्न आहे, आणि तुमचा मान तो तुमच्या घराण्याचा मान. व्याहीणबाई मोठ्या जाणत्या आहेत, त्यांना हे मी सांगायला नको. बागेची आळी करायची घाई असेल हे समजतं, तरी चार-सहा दिवस काढून यावं.

बाकी सर्व ठीक. मोठ्यांच्या पायांवर डोकं, धाकट्यांच्या पाठीवर हात, आणि पेरूंना चांगलं फळ धरो. लिहिणं थांबवतो कारण शाई संपत आली आहे, माया नव्हे.

तुमचा,
गोरक्षनाथ

ता. क. – येथवरचं पत्र घरात मोठ्यानं वाचलं तरी हरकत नाही, त्यासाठीच लिहिलं आहे. हा कागद मात्र वेगळा जोडला आहे, तो बागेत जाऊन मनात वाचावा. जावईबापू, धनुष्य शिमग्यालाच झालं. ओढीसकट झालं. मी आणि छगननं पहिला बाण सोडला तो ओढ्यापार गेला. छगनला इतका आनंद झाला की त्यानं मला मिठी मारली, आणि मग बाण कुणाच्या बाजूनं जास्त लांब गेला यावर आम्ही परत भांडलो. ते आता कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलं आहे. तुम्ही धोंड्याला आलात तेव्हा ते तुमच्या डोक्यावरच होतं, म्हणून माझं तोंड तसं झालं होतं. काढून द्यायला हात धजला नाही. तुमच्याकडे बागेचं काम बारा महिने. चांगुणाला माहेरी धाडा म्हटलं की छाटणी निघते, खुरपणी निघते, राखण निघते. व्याहीणबाईंना दोष देत नाही, त्यांचा संसार आहे. पण "धनुष्याचं काम निघालंय" म्हटलं की मात्र त्या म्हणतात, "मानाचं काम हाय, जायलाच पाह्यजे," आणि तुमच्याबरोबर लेक येते. मापाला आली, काठी बघायला आली, मुठीला आली. धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, आणि त्यालाही तुम्ही एक रात्र राहून गेलात. धनुष्य दिलं की आमच्या हातात काय राहतं? चांगुणा गेल्यापासून घर खायला उठतं. तिची आई दोघांच्या भाकरी थापताना अजून तिसरी थापते आणि मग गाईला घालते. तेव्हा हात जोडून मागणं आहे, मला या शब्दातून सोडू नका. पक्के रुसून राहा. घरी सांगा, सासरा काम लांबवतोय, जाऊन बघायला हवं.

ता. क. २ – पाकीट चिकटवण्याआधी दोन्ही कागद आमच्या मंडळींना वाचून दाखवले. पदर तोंडात धरून हसत सुटल्या. म्हणाल्या, "येडं हायसा तुमी. रतनबाईंना समदं ठावं हाय." यंदा मढीच्या जत्रेत दोघींची रेवड्यांच्या दुकानाशी गाठ पडली होती, तिथं छगनच्या बायकोनं बाण ओढ्यापार गेल्याचं सगळं सांगून टाकलं. आमच्या मुक्ताबाईंना वाटलं, आता जमीन पोटात घेईल तर बरं. व्याहीणबाई बराच वेळ रेवड्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मालकास्नी म्हनावं, घाई करू नका. पोरगी हिकडून जाऊन आली की लई दिस गुनगुनत काम करती. माझ्या म्हायेरी कुनाचं काईच अर्धं राहिलं न्हवतं, म्हनून मला कवा कुनी बोलावलं न्हाई."

हे आमच्या मंडळी मला इतके दिवस बोलल्या नाहीत. का, तर म्हणे, सांगितलं असतं तर मी निर्धास्त होऊन धनुष्य तुमच्या हातात देऊन मोकळा झालो असतो. खरं आहे, झालो असतो. वरचं सगळं पत्र फाडून नवं लिहायला हवं होतं, पण शाई उरली नाही. तेव्हा जावईबापू, येताना व्याहीणबाईंनाही घेऊन या. त्यांना सांगा, ओढ लावताना घरचं वडील माणूस समोर बसावं लागतं, ते बसल्याशिवाय काम होत नाही. आणि ते बसल्यावरही लवकर होणार नाही, याची काळजी मी घेतो.